फीड जोडण्याआधी एक ईमेल टाका
नागपुरात वस्तीपुरतं छोटं न्यूज पोर्टल चालवत असाल आणि दुसऱ्या साइटची आरएसएस फीड (साइटवरच्या नव्या बातम्या आपोआप पुरवणारी यादी) त्यात जोडणार असाल, तर आधी त्यांची परवानगी घ्या. फीड सगळ्यांना वाचता येते, म्हणून ती छापायची मुभा मिळत नाही. कळमन्यात संत्र्याचे भाव उतरले, ही घटना कोणाच्याच मालकीची नाही. पण बातमीदाराने ती ज्या शब्दांत लिहिली, त्यांवर हक्क असतो. खाली ‘साभार’ टाकलं की झालं, हा समज तर भलताच पक्का बसलाय!

ईमेलमध्ये नेमकं विचारा: नुसता मथळा नि लिंक, की पूर्ण मजकूर? शेजारी जाहिराती चालतील का? फोटोचं वेगळं विचारा. तो बरेचदा एजन्सीचा असतो, आणि पुढे द्यायचा अधिकार त्या साइटलाही नसतो. उत्तर आलं नाही तर होकार धरू नका. मथळा, आपल्या शब्दांत दोन ओळी आणि मूळ लिंक, एवढ्यावर भागवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ चालू घडामोडींच्या वार्तांकनाला थोडी सवलत देतं, पण रोज आपोआप अख्ख्या बातम्या उचलणं त्यात बसवणं कठीणच. होकाराचा ईमेल मात्र जपून ठेवा. तिकडचा संपादक बदलला, की तोच कामी येतो.