दहा ब्लाइंड उरले की काय करायचं : लाइव्ह पोकर टूर्नामेंट खेळणाऱ्या नवख्यासाठी

पोळ्याला आणि दिवाळीला तिरट खेळत मोठी झालेली आपल्या लातूर-उदगीरकडची पोरं पोकर शिकतात आणि पहिल्या टूर्नामेंटला गोव्याची बस धरतात. निघताना जो तो एकच सांगतो : घाई करू नको, चांगल्या पानांची वाट बघ. हा सल्ला पहिले दोन-तीन तास खरा आहे. त्यानंतर तोच तुम्हाला बाहेर काढतो. मी बऱ्याच टूर्नामेंट खेळलोय, आणि पहिल्या कित्येक याच सल्ल्यापायी घालवल्यात.

फ्लश मोठा की स्ट्रेट, हे अजून विचारावं लागत असेल तर आधी घरी खेळा, तेही बिनपैशाचं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. पैसे लावून घरात किंवा शेतातल्या आखाड्यावर बसलात तर छापा पडू शकतो. पैशांचे ऑनलाइन गेम २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले. म्हणून पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर जायचं. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र आणि पॅन कार्ड सोबत ठेवा.

टेबलावर बसलात की आधी तोंडाने बोला, मग चिप्स सरकवा. ‘रेज’ (रक्कम वाढवतो) न म्हणता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल (समोरच्याइतकीच रक्कम लावणं) धरला जातो, मग कितीही सांगा. आपल्या दोन पानांवर एक चिप ठेवत जा. डीलरने चुकून पानं ओढून घेतली तर ती परत मिळत नाहीत.

सुरुवातीला ३०,००० चिप्स आणि १००-२०० ब्लाइंड असतील तर तुमच्याकडे १५० बिग ब्लाइंड आहेत. (तिरटातला ब्लाइंड वेगळा. इथे ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांना सक्तीने टाकावी लागणारी रक्कम. त्यातली मोठी, इथे २००, म्हणजे बिग ब्लाइंड. आपल्या चिप्स त्यातच मोजायच्या.) या काळात बहुतेक पानं टाकून द्या आणि समोरचे कसे खेळतात ते बघा. याहून जास्त काही करायचं नाही.

खरी अडचण येते ती दहा-बारा बिग ब्लाइंड उरल्यावर.

समजा ब्लाइंड १,०००-२,००० आहेत आणि बिग ब्लाइंडवाल्याने त्याशिवाय २,००० चा अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची रक्कम, टाकायचाय. तुमच्याकडे २०,००० आहेत. म्हणजे टेबलाची एक फेरी बसून काढली की ५,००० गेले. चार फेऱ्यांत तुम्ही संपलात, आणि अर्ध्या तासाने ब्लाइंड वाढणार ते वेगळंच. लाइव्ह टेबलावर अर्ध्या तासात जेमतेम चौदा डाव होतात. दोन एक्के किंवा दोन राजे सरासरी ११० डावांत एकदा येतात, म्हणजे जवळपास आठ लेव्हल (ब्लाइंड वाढेपर्यंतचा अर्धा तास म्हणजे एक लेव्हल). तोवर तुमच्याकडे काय उरणार? भाव वाढेल म्हणून सोयाबीन गोदामात ठेवावं आणि भाड्यातच पोती संपावीत, तशातली ही गत.

माझं हेच झालं. ४८ जण उरले होते, बक्षीस ४५ जणांना. माझ्याकडे अकरा बिग ब्लाइंड होते. डीलरच्या जागेवर, म्हणजे बटणावर, राजा-राणी आली. माझ्याआधीच्या सगळ्यांनी पानं टाकलेली. मीही टाकली, कारण ‘तीनच जण जायचेत’. पुढच्या फेरीत छक्कीची जोडी टाकली. दोन बिग ब्लाइंड उरले तेव्हा सत्ती-दुर्रीवर उरलेल्या सगळ्या चिप्स लावाव्या लागल्या आणि तिघांनी कॉल केला. मी ४७ वा. रात्रभर बसमध्ये मला ती राजा-राणीच दिसत होती.

तेव्हापासून मी एवढंच करतो. बारा बिग ब्लाइंडच्या खाली आलो आणि माझ्याआधी कुणी पैसे घातले नसतील, तर एक तर फोल्ड (पानं टाकणं), नाही तर ऑल इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं). साधा कॉल नाही, छोटा रेज नाही. ऑल इनने दोन रस्त्यांनी जिंकता येतं. सगळ्यांनी पानं टाकली तर मधले ५,००० तुमचे, म्हणजे २०,००० चे पाने न दाखवता २५,००० झाले. कुणी कॉल केलाच, तरी राजा-राणी एक्का-नव्वीसमोर दहातून चार वेळा जिंकते. चार बिग ब्लाइंडवर आलात की पहिला रस्ता बंद होतो, कारण एवढ्याशासाठी कुणी पानं टाकत नाही.

पानं जागेप्रमाणे बदलतात. बटणावर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजासोबत नव्वीपासून वर, राणी-गुलाम. सर्वांत आधी बोलायची पाळी असेल तर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-दश्शीपासून वर. आणि कुणी आधीच रेज केला असेल तर बटणावरची यादी विसरा. तिथे एक्का-राणी किंवा नव्वीपासूनची जोडी तरी हवीच.

ऑल इन म्हणण्याआधी तुमच्यानंतर बोलणाऱ्यांचे चिप्सचे ढीग बघा. वीस-तीस बिग ब्लाइंडवाला बक्षिसाच्या उंबरठ्यावर घाबरलेला असतो, त्याच्यावर जा. डोंगर घेऊन बसलेल्याला तुमच्या २०,००० चं काही वाटत नाही. त्याच्यापुढे हलकी पानं नकोत. ‘चेहरा वाचायला शिक’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. ढीग मोजता येतो, चेहरा नाही.

याचा सराव घरीच होतो. मी ताटलीत सोयाबीनचे दहा दाणे ठेवायचो, दोन पानं वाटायचो, जागा ठरवायचो आणि तीन सेकंदांत बोलायचो : ऑल इन की फोल्ड. रोज पन्नास डाव, महिनाभर. टेबलावर हात थरथरतो तेव्हा हीच सवय कामाला येते.

ढीग दुप्पट होऊन पंचवीस बिग ब्लाइंडच्या वर गेलात की ही यादी खिशात ठेवा आणि परत नेहमीचा खेळ सुरू करा.

बक्षीस मिळालं तर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे, वर सेस. बसचं भाडं आणि लॉजचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. तेव्हा सर्वांत खालच्या बक्षिसाच्या आशेवर पानं टाकत बसण्याआधी त्यातून हातात किती उरणार, हे लातूर सोडण्याआधीच कागदावर मांडून बघा.