उमेदीची वाट न पाहता अभ्यासाला कसं बसायचं

मी अंगणवाडी सेविका. मुख्यसेविका व्हायला पदवी लागते, म्हणून नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. मैत्रिणी विचारतात, दिवसभर राबून एवढी उमेद आणतेस कुठून? माझ्या मते उमेद आधी येतच नाही, बसल्यावर येते. म्हणून सगळी खटपट बसण्यापुरती करा.

‘उद्यापासून अभ्यास करीन’ असं ठरवू नका. ‘रात्री ओटा पुसून झाला की तिथेच स्टुलावर बसून इतिहासाचं एक पान वाचीन’ असं ठरवा. जे काम रोज होतंच, त्याच्या पाठीला नवं काम बांधायचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: कधी, कुठे, कसं हे आधी ठरलेलं असलं की काम हातून होण्याची शक्यता वाढते.

पुस्तक संध्याकाळीच उघडून ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. डोळे मिटायला लागले तर उभ्याने, मोठ्याने वाचा.

आणि का शिकताय ते स्वतःशी खरं बोला. जावेला दाखवायला म्हणून घेतलेलं शिक्षण पहिल्या परीक्षेलाच दमतं, हे मी जवळून पाहिलंय. स्वतःचं कारण वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुणाला सांगायची गरज नाही.