विष्ठेच्या जीवाश्मांवरून प्राचीन जीवसृष्टी कशी अभ्यासावी

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टच्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे आणि तप्त लाव्हात सापडलेल्या सजीवाचे सहसा काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून जीवाश्म शोधणाऱ्याने आधी भूवैज्ञानिक नकाशा पाहावा आणि लाव्हाच्या थरांखाली किंवा दोन थरांच्या मध्ये साचलेला गाळाचा खडक कोठे उघडा पडला आहे, ते हेरावे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिजदुरा गावच्या शिवारात लामेटा नावाने ओळखला जाणारा असा गाळ आहे. तेथे डायनोसॉरच्या हाडांबरोबर जीवाश्मरूप विष्ठा, म्हणजे विष्ठाश्म, विपुल मिळाले आहेत. कौतुक हाडांचे अधिक होते. परंतु प्राणी काय खात होता आणि त्याच्या भोवती काय उगवत होते, हे जाणून घ्यायचे असेल तर विष्ठाच अधिक उपयोगी पडते.

केवळ आकार पाहून विष्ठाश्म ओळखू नये, कारण चुनखडीचे गोटे पुष्कळदा तसेच दिसतात. निमुळते टोक, मध्येच आवळल्यासारख्या खाचा, ओली असताना जमिनीवर पडल्यामुळे चपटी झालेली एक बाजू आणि फुटलेल्या पृष्ठभागावर दिसणारे वनस्पतींचे किंवा हाडांचे कण, अशा खुणा एकत्र आढळल्या तरच ती वस्तू विष्ठाश्म असावी, असे मानण्यास जागा आहे. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत हाडांमुळे फॉस्फेट भरपूर असते, त्यामुळे ती सहज टिकते. शाकाहारी प्राण्यांची विष्ठा त्या मानाने क्वचितच टिकते.

अशी वस्तू दिसल्यास ती उचलून घरी नेण्याचा मोह टाळावा. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ती वस्तू थरात रुतलेली होती की पावसाने वाहून मोकळी पडली होती, हे आवर्जून लिहावे. ही नोंद नसेल तर उत्तम नमुन्याचेही शास्त्रीय मूल्य जवळपास संपते. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातील भूशास्त्र विभागाला कळवावे.

पुढचे काम प्रयोगशाळेचे आहे. आजच्या गवताचे कण मातीतून नमुन्याला चिकटलेले असू शकतात, म्हणून प्रथम बाहेरचा थर खरवडून टाकतात व आतल्या भागाचाच चुरा घेतात. भोवतालच्या गाळाची तपासणी वेगळी करतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुन्याचा अंश आणि नायट्रिक आम्लाने सेंद्रिय अंश काढला, की वनस्पतींच्या पेशींत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, वेगळे करता येतात. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. परागकण मिळवण्यासाठी नेहमी वापरले जाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल सिलिका विरघळवते; सवयीने तीच कृती केली, तर जे शोधायचे तेच नाहीसे होते. फायटोलिथ क्वार्ट्झपेक्षा हलके असल्यामुळे योग्य घनतेच्या जड द्रवात ते वर तरंगतात आणि वाळूचे कण तळाशी बसतात. वर आलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांच्या आकारांची तुलना आजच्या वनस्पतींच्या फायटोलिथांशी करतात. गवतांच्या निरनिराळ्या गटांत डमरूसारखे किंवा खोगिरासारखे वैशिष्ट्यपूर्ण आकार आढळत असल्याने ही ओळख बरीच नेमकी होऊ शकते.

लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याच्या विष्ठाश्मांतून अशा रीतीने मिळवलेले निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच पसरले, असा तोपर्यंत सर्वसाधारण समज होता. येथे मात्र सुमारे ६.५ ते ६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या विष्ठेत गवताच्या निदान पाच प्रकारांचे फायटोलिथ निघाले. त्यांच्यासोबत ताडवर्गीय, सूचिपर्णी व इतर वनस्पतींचेही अवशेष होते.

यावरून किती बोलावे, याला मर्यादा आहे. एका विष्ठेत गवत सापडले म्हणून तो प्राणी गवतावरच जगत होता असे म्हणता येत नाही. समोर आलेला पाला तो फारशी निवड न करता खात असावा, एवढेच या मिश्र अवशेषांवरून दिसते. शिवाय विष्ठेवर तिच्या मालकाचे नाव लिहिलेले नसते. ती टायटॅनोसॉर गटाच्या डायनोसॉरची असावी, हा तर्क मुख्यतः त्याच थरातील हाडांवर आधारलेला आहे, म्हणून अहवालात तो तर्क म्हणूनच नोंदवावा.

कोणत्याही जीवाश्माचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येते, असा गैरसमजही वारंवार आढळतो. ही पद्धत सुमारे ५०,००० वर्षांच्या पलीकडे चालत नाही. त्यामुळे येथे तिचा उपयोग नाही. वर पसरलेल्या बेसाल्टचे वय आर्गॉन समस्थानिकांवरून काढतात आणि त्याखालचा गाळ त्याहून जुना, अशा क्रमाने कालखंड ठरवतात.

तपासणीत नमुन्याचा काही भाग नष्ट होतोच. म्हणून उरलेल्या भागाला क्रमांक देऊन तो मूळ नोंदीसह संग्रहात ठेवावा. पिजदुऱ्याच्या विष्ठाश्मांचे वर्णन ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यांतले गवत दिसायला आणखी ६६ वर्षे लागली.