माणसाचं जनुक, उपाशी यीस्ट

गॅलॅक्टोज या साखरेच्या प्लेटवर पहिल्यांदा यीस्टच्या कॉलन्या (पेशींचे ठिपके) दिसल्या, तेव्हा मी अख्ख्या लॅबला ओढून आणून त्या दाखवल्या होत्या. मग रिकाम्या प्लाझ्मिडची (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) प्लेट पाहिली. तिच्यावरही तेवढ्याच! माणसाचं जनुक वगैरे काही सापडलं नव्हतं. गॅलॅक्टोजमध्ये थोडं ग्लुकोज मिसळलेलं होतं आणि यीस्ट त्यावर जगत होतं. तेव्हापासून गॅलॅक्टोजचा नवा डबा उघडला की आधी उपाशी म्युटंट (गॅलॅक्टोज पचवणारं जनुक नसलेलं यीस्ट) त्याच्यावर पेरून बघते.

युक्ती सोपी आहे. साखर पचवणारं यीस्टचं एक जनुक काढून टाकायचं, त्याला फक्त तीच साखर द्यायची आणि माणसाच्या जनुकांपैकी कोणतं त्याला जगवतं ते बघायचं. आपण गॅलॅक्टोकायनेज शोधू. हे एन्झाइम गॅलॅक्टोजला फॉस्फेट लावतं. यीस्टमध्ये ते गॅल-१ जनुकाचं काम.

गॅल-१ पूर्ण काढलेला यीस्टचा स्ट्रेन (वाण) घ्या. एका अक्षराच्या बदलाने बिघडलेला नको. लाखो पेशींत एखादी ती चूक आपोआप दुरुस्त करते आणि तुम्ही भलत्याच कॉलनीमागे आठवडा घालवता. युरासिल हा आवश्यक घटक बनवायला लागणारं युरा-३ हे जनुकही बिघडलेलं हवं आणि त्याची चांगली प्रत प्लाझ्मिडवर हवी, म्हणजे प्लाझ्मिड घेतलेल्या पेशीच युरासिलशिवाय वाढतील.

माणसाचा जीनोमिक डीएनए चालत नाही. त्यातले इंट्रॉन (जनुकाच्या मधले, प्रथिनात न उतरणारे तुकडे) यीस्टला कापता येत नाहीत. एमआरएनएवरून (जनुकाची इंट्रॉन कापलेली नक्कल) बनवलेली सीडीएनए लायब्ररीच हवी, म्हणजे अशा नकलांच्या डीएनए प्रतींचा प्लाझ्मिडमध्ये बसवलेला संग्रह, तीही टीईएफ-१ किंवा एडीएच-१ अशा सतत चालू राहणाऱ्या प्रोमोटरमागे (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा). लाखात एक असलेला सीडीएनए ९९ टक्के खात्रीने गाठायचा तर सुमारे ४.६ लाख ट्रान्सफॉर्मंट (प्लाझ्मिड घेतलेल्या पेशी) लागतात. लायब्ररीत तुकडे दोन्ही दिशांनी बसलेले असतील तर दुप्पट धरा, कारण निम्मे उलटेच.

वाढीच्या भरात असलेल्या पेशी घेऊन लायब्ररी, लिथियम ॲसिटेट, पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि उकळून लगेच बर्फात ठेवलेला कॅरिअर डीएनए (प्लाझ्मिड आत जायला मदत करणारा साधा डीएनए) घाला. ४२ अंशांवर ४० मिनिटं. मग युरासिल नसलेल्या ग्लुकोजच्या प्लेटवर ३० अंशांना दोन-तीन दिवस. थेट गॅलॅक्टोजवर टाकायची घाई करू नका, पेशी आधीच हैराण असतात. कॉलन्या मोजा, खरवडून एकत्र करा आणि २ टक्के गॅलॅक्टोजवर पसरा. मी त्यात अँटिमायसिन-ए घालते: श्वसन बंद पडतं, त्यामुळे इतर उष्ट्या-खरकट्यावर जगायची सोय उरत नाही. ते विषारी आहे, हातमोजे घाला. शेजारी दोन प्लेट हव्यातच. एक रिकाम्या प्लाझ्मिडची, दुसरी यीस्टचं स्वतःचं गॅल-१ परत दिलेली.

कॉलनी आली? अजून कुणाला बोलावू नका. तिला ५-एफओएवर वाढवा; हे रसायन युरा-३ चालू असलेल्या पेशींना मारतं. तिथे प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशीच जगतात. त्या गॅलॅक्टोजवर मेल्या पाहिजेत. वाढल्याच, तर बदल यीस्टच्या गुणसूत्रात झालाय, माणसाच्या जनुकाचा काही संबंध नाही. मग मूळ कॉलनीतलं प्लाझ्मिड ई. कोलाय या जिवाणूमध्ये काढून ताज्या म्युटंटमध्ये परत घाला. पुन्हा वाढ दिसली की सीक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) पाठवा.

हीच रीत गॅल-७ ला (गॅलॅक्टोज पचवण्याच्या पुढच्या पायरीचं जनुक) लागू होते, पण तिथे खुबी वेगळी. गॅल-७ नसलेल्या पेशीत गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट साठतं आणि गॅलॅक्टोज विष ठरतं. तेच काम करणारं माणसाचं जीएएलटी जनुक दिलं की पेशी वाचते. ग्लिसरॉलसोबत (यीस्टचं दुसरं अन्न) गॅलॅक्टोज दिलंत तर मात्र लबाड पेशी गॅल-१ मोडून विष बनवणंच थांबवतात आणि खुशाल वाढतात. म्हणून तिथेही निवड निव्वळ गॅलॅक्टोजवरच करा.

आता सगळं जुळूनही फसवणारी गोष्ट. १९९२ मध्ये याच पद्धतीने १५ व्या गुणसूत्रावरचं एक गॅलॅक्टोकायनेज जनुक सापडलं. पण ज्याच्या बिघाडाने माणसात गॅलॅक्टोकायनेजची उणीव होते ते जनुक १७ व्या गुणसूत्रावरचं निघालं, १९९५ मध्ये. १५ व्यावरचं एन्झाइम मुख्यतः एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन या दुसऱ्या साखरेला फॉस्फेट लावतं. गॅलॅक्टोज रग्गड असलं तर त्यालाही हात घालतं. आपल्या प्लेटमध्ये लिटरला २० ग्रॅम असतं, आणखी किती रग्गड हवं? म्हणून मी आता ०.२ टक्क्यांची प्लेटही ठेवते आणि पेशी फोडून तो रस दोन्ही साखरांवर तपासते.