ऑनलाइन डी अँड डीचे मॅप एडिट करताय? आधी या चुका टाळा

आमच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) ग्रुपचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, कायम मीच, त्यामुळे नवीन डीएम झालेली पोरं मला मॅप पाठवतात आणि विचारतात, "दादा, टोकन (पात्राची सोंगटी) मॅपच्या चौकोनात बसतच नाहीये, सॉफ्टवेअर खराब आहे का?" सॉफ्टवेअर ठणठणीत असतं रे बाबा. तू एकच चौकोन मोजलास.

गिम्प या फोटो एडिटरमधलं मेजर टूल घेतलं, एक चौकोन मोजला, ७० पिक्सेल आले, ज्यावर ऑनलाइन खेळतो त्या रोल२०चा डिफॉल्टही ७०च, गडी खूश. पण पीडीएफमधून काढलेल्या मॅपचा चौकोन खरा ७१.४ असू शकतो आणि एका चौकोनावर तो १.४ पिक्सेलचा फरक डोळ्याला दिसत नाही. चाळीस चौकोन गेले की तोच ५६ पिक्सेल होतो, म्हणजे डावीकडे टोकन बरोब्बर आणि उजवीकडे ऑर्क राक्षस अर्धा भिंतीत. मी सरळ वीस चौकोन एकदम मोजतो, आले १४२८, भागिले २०, झालं. मग कडेची पांढरी मार्जिन ग्रिडच्या रेषेवर क्रॉप करायची आणि त्यानंतरच स्केल. चाळीस चौकोनांचा मॅप असेल तर रुंदी ४००० टाका, चौकोन १०० चा होतो, रोल२०सारख्याच फाउंड्री या सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट तोच. आधी स्केल करून मग क्रॉप केलं तर मार्जिनही हिशोबात येते आणि सगळं गणित गंडतं. "नंतर फाउंड्रीत ओढूनताणून जुळवू" म्हणणाऱ्यांनी खुशाल जुळवावं, मला रात्री साडेअकराला फोन करू नये.

मॅपवर छापलेली ग्रिड आणि वरून व्हीटीटीची (व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे रोल२०, फाउंड्री वगैरे) ग्रिड, दोन्ही चालू ठेवू नका. डोळे दुखतात.

आता माझा स्वतःचा पराक्रम. डीएमसाठीच्या मॅपवर गुप्त दरवाज्याच्या जागी भिंतीत 'एस' छापलेला असतो, तो खेळाडूंच्या कॉपीतून काढायचा होता. सेशनला वीस मिनिटं उरलेली, म्हणून मी स्मज टूल घेतलं आणि बोटाने शाई पुसावी तसा तो फासून टाकला. माझ्या स्क्रीनवर झकास दिसत होतं. आमच्यात रोग (चोरट्याचं पात्र) खेळणाऱ्याने झूम केलं आणि म्हणाला, "ही भिंत इथेच का पुसलेली आहे? मी तिथे शोधतो." डाइसही चांगला पडला मेल्याचा. दोन सेशननंतर उघडायचा खजिना पंधरा मिनिटांत रिकामा, आणि मी जागच्या जागी नवीन खोल्या रचत बसलो.

तेव्हापासून फक्त क्लोन टूल, म्हणजे एका जागेचं चित्र दुसरीकडे उतरवणारं. त्याच भिंतीच्या चांगल्या भागात ग्रिड जिथे छेदते त्या बिंदूवर कंट्रोल दाबून क्लिक करायचं आणि रंगवायला सुरुवात दुसऱ्या तशाच छेदावरून करायची, म्हणजे रेषा आपोआप जुळतात. काळ्या-पांढऱ्या जुन्या मॅपवर ब्रश कडक कडेचाच घ्या, मऊ घेतला की राखाडी धूर राहतो. शेवटी मी बायकोला स्क्रीन दाखवतो, "इथे काही वेगळं दिसतंय का?" तिला या खेळाशी काडीचं घेणंदेणं नाही, म्हणून तिची नजर खरी.

बाकी किरकोळ. गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल सेव्ह करा, नुसता जेपीजी एक्सपोर्ट करून लेयर उडवलेत तर पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू. पारदर्शक भाग हवा असेल तर जेपीजी नकोच, पीएनजी किंवा वेबपी. आणि "फाइल तर तीनच एमबी आहे" हे मला सांगू नका, ८००० बाय ८००० चं चित्र उघडल्यावर मेमरीत साधारण २५६ एमबी खातं, मग मोबाइलवरून खेळणाऱ्या बिचाऱ्याचा ब्राउझर बंद पडतो आणि शिव्या नेटला.

सीनचं (फाउंड्रीत मॅप ज्यात टाकतो त्याचं) नावही बघून ठेवा, फाउंड्रीत खेळाडूंना दिसणारं नाव वेगळं देता येतं. एकाने नाव ठेवलं होतं 'नकली राजाचा महाल'. खेळाडूंनी ते वरच्या पट्टीत वाचलं आणि राजा तोंड उघडायच्या आत तलवारी बाहेर.