‘द टॅलेंटेड मिस्टर रिपली’ कशी वाचावी

रहस्यकथा वाचताना खून कोणी केला असेल, हे शेवटच्या पानाच्या आधी ओळखण्याची आपल्याला सवय असते. पॅट्रिशिया हायस्मिथ यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी हाती घेताना ती सवय बाजूला ठेवावी लागते, कारण येथे खुनी पहिल्या ओळीपासून आपल्यासोबत असतो आणि पुस्तक निम्म्यावर येण्याआधीच तो आपल्या डोळ्यांदेखत खून करतो. शोधायचे उरते ते एवढेच, की तो सुटावा असे आपल्याला नेमके कोणत्या पानावर वाटू लागले. तेवढ्यासाठी एक पेन्सिल जवळ ठेवावी आणि तसे वाटले की समासात बारीक खूण करावी. पुढील मजकुरात कथानकाची काही वळणे उघड होणार आहेत. ती आधी कळल्याने या पुस्तकाचे फारसे बिघडत नाही, असे माझे मत आहे.

सुरुवातीची प्रकरणे सावकाश वाचावीत. न्यूयॉर्कमध्ये टॉम रिपली एका बारमधून बाहेर पडतो आणि एक माणूस आपल्या मागावर आहे, या शंकेने धास्तावतो. हा तरुण कर खात्याचा अधिकारी असल्याचे भासवून लोकांकडून धनादेश मागवत असतो. ते सरकारच्या नावाने असल्यामुळे त्याला वटवता येत नाहीत, तरीही तो हा उद्योग सोडत नाही. घाईने वाचणाऱ्याला हा तपशील किरकोळ वाटेल, परंतु पैशापेक्षा दुसऱ्याच्या नावाने वावरण्याचे सुख टॉमला मोठे वाटते, हे येथेच सांगून झालेले आहे. मागावर असलेला माणूस पोलीस नसून हर्बर्ट ग्रीनलीफ नावाचा जहाजबांधणी व्यावसायिक निघतो. इटलीत रमलेल्या आपल्या मुलाला, डिकीला, टॉमने समजावून घरी आणावे, अशी त्याची विनंती असते आणि प्रवासाचा खर्चही तोच करणार असतो.

यानंतर लक्ष द्यावे ते निवेदनाकडे. कादंबरी प्रथमपुरुषी नाही. टॉमचा उल्लेख ‘तो’ असाच होतो, पण आपल्याला दिसते ते फक्त टॉमला दिसते तेवढेच. डिकीची मैत्रीण मार्ज शेरवूड आपल्याला बावळट आणि गबाळी वाटू लागते, तेव्हा तिच्याविषयीचे हे मत कोणाचे आहे, असे स्वतःला विचारावे. तिच्या तोंडची वाक्ये तेवढी वेगळी काढून वाचली, तर ती बरीच समंजस आणि टॉमविषयी पहिल्यापासून सावध असलेली स्त्री आहे, हे लक्षात येते.

इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी वाचकाला आणखी एक युक्ती उपयोगी पडते. इंग्रजीतील एकाच सर्वनामामागे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तिन्ही दडलेले असतात. म्हणून प्रत्येक संवाद मनातल्या मनात मराठीत आणून पाहावा. टॉम थोरल्या ग्रीनलीफला ‘तुम्ही’ म्हणेल यात शंका नाही, पण डिकीला ‘तू’ म्हणण्याइतकी जवळीक त्याला खरोखर कधी मिळाली का? मॉन्जिबेलो या नेपल्सच्या दक्षिणेकडील काल्पनिक गावातली प्रकरणे अशी वाचली, तर टॉमची ‘तू’ म्हणण्याची धडपड आणि डिकीचे हळूहळू ‘तुम्ही’कडे सरकणे चांगलेच बोचते. मला तरी हे पुस्तक दुसऱ्या वाचनात, या खेळामुळेच, नीट उमगले.

डिकीच्या खोलीतला प्रसंग दोनदा वाचावा. टॉम डिकीचे कपडे चढवून आरशासमोर उभा राहतो, डिकीच्या आवाजात बोलतो, मार्जचा गळा आवळण्याचा अभिनय करतो आणि नेमका त्याच वेळी डिकी दारात येतो. पुढे सान रेमोच्या समुद्रात, भाड्याच्या लहानशा मोटारबोटीवर, वल्ह्याच्या घावांनी होणारी हत्या या प्रसंगातच पेरलेली आहे. हत्येचे वर्णन कोरडे आहे आणि त्यातला बराचसा भाग मारण्यापेक्षा नंतरच्या निस्तरण्याचा आहे: बोट नियंत्रणाबाहेर गरगरत राहते, पाण्याची भीती असलेला टॉम स्वतःच पाण्यात पडतो. येथे आपल्याला डिकीची आठवण राहत नाही, टॉम बुडू नये एवढेच वाटते. माझी पहिली खूण याच पानावर पडली होती.

दुसऱ्या भागात गोंधळ टाळायचा असेल, तर कागदावर दोन रकाने करून टॉम कोणत्या शहरात, कोणाला, कोणत्या नावाने भेटला, याची नोंद ठेवावी. रोममध्ये तो डिकी म्हणून राहतो. डिकीचा मित्र फ्रेडी माइल्स याला संशय येतो आणि त्याचाही जीव जातो. चौकशीसाठी आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला रोममध्ये डिकी भेटतो आणि व्हेनिसमध्ये त्याच अधिकाऱ्यासमोर टॉम रिपली बसतो. हे नोंदवल्याशिवाय त्या दुसऱ्या भेटीतला ताण पुरता जाणवत नाही. व्हेनिसमध्ये मार्जला डिकीच्या अंगठ्या सापडतात, तो प्रसंग मात्र रात्री उशिरा वाचायला घेऊ नये. पुस्तक खाली ठेवता येत नाही.

चित्रपट आधी पाहू नयेत. रने क्लेमाँ यांचा १९६० चा फ्रेंच चित्रपट देखणा असला, तरी त्याने शेवट बदलला आहे आणि तो बदल हायस्मिथ यांना रुचला नव्हता. अँथनी मिंघेला यांच्या १९९९ च्या चित्रपटात मूळ कादंबरीत नसलेली पात्रेही आहेत. २०२४ ची कृष्णधवल मालिका गतीने पुस्तकाच्या अधिक जवळ जाते, पण तिचा नायक वयाने बराच थोराड दिसतो. रिपलीवरच्या पुढील चार कादंबऱ्या १९७० ते १९९१ या काळात आल्या. त्यांची घाई करू नये.

त्याऐवजी शेवटचे पान वाचून झाल्यावर लगेच पहिल्या प्रकरणाकडे परतावे. शेवटी टॉम जहाजाने ग्रीसला पोहोचतो. धक्क्यावर पोलीस उभे दिसतात आणि ते आपल्यासाठीच आले आहेत, असे तो धरून चालतो. ते त्याच्यासाठी आलेले नसतात. न्यूयॉर्कच्या बारबाहेर त्याच्या मागून चालणारा माणूसही पोलीस नव्हता.