सायलेन्सरमधून पांढरा धूर? हेड उघडायच्या आधी एवढं बघा

वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे. डिसेंबर-जानेवारीत पाचगणी-महाबळेश्वरला मुक्कामी गेलेल्यांचे सकाळी सकाळी फोन येतात. "दादा, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, हेड गेलं का?" (हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं इंजिनाचं वरचं झाकण.) माझं ठरलेलं उत्तर असतं: गाडी पंधरा मिनिटं चालवा, मग परत फोन करा. बहुतेकांचा परत फोन येत नाही.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, लिटरमागे साधारण लिटरभर. सीएनजीत त्याहून जास्त. थंडीत ही वाफ पांढरी दिसते, गार सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि टोकातून थेंब पडतात. सायलेन्सर पुरता तापला की ती बंद होते. रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी नीट वाळतच नाही, त्यामुळे तिथे हे जास्त दिसतं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

तापमानाचा काटा मध्यावर आल्यावरही धूर चालूच असेल, दाट असेल आणि गाडीमागे हवेत तरंगत राहत असेल, तर मात्र नाक वापरा. (लांबून. नळीला तोंड लावू नका.) गोडसर वास म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) जळतंय. कच्च्या डिझेलचा वास, डोळे चुरचुरतात, म्हणजे इंधन न जळता बाहेर पडतंय. धुरात निळसर झाक आणि करपट वास असेल तर ऑइल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो बघायचा, तो वेगळा विषय.

कूलंटचा संशय असेल तर रात्री गाडी गार झाल्यावर रिझर्व्ह टाकीवर पातळीला मार्करने रेघ मारा. रोज सकाळी, सेल मारायच्या आधी बघा. पातळी उतरतेय आणि खाली जमिनीवर थेंब नाही, तर कूलंट बहुधा इंजिनातच जातंय. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. घाट चढून तापलेल्या गाडीवर बाटलीभर गार पाणी ओतणारेही दरवर्षी भेटतात. त्याने चांगलं हेड तडकू शकतं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसला की लोक घाबरतात. पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीत तिथे नुसती ओलही फेसाळते. म्हणून डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर गाडी चालू करू नका, टो करून आणा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. सेल मारल्यावर इंजिन फिरता फिरता अडलं, तरी जोर करू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता गॅरेजवाल्याचं काम. हेड उतरवण्याआधी त्याने कूलिंग सिस्टीमला प्रेशर टेस्टर लावून दाब टिकतो का बघावं, प्लग काढून बघावेत (कूलंट जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो) आणि रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची टेस्ट करावी. जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. "अनुभवाने सांगतो, हेडच आहे" म्हणणाऱ्याकडे हेड देऊ नका. डिझेल गाडीत तर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) फुटूनही कूलंट सायलेन्सरमधून निघतं. आधी तो तपासला तर हेडचा सगळा खर्च वाचतो. पेट्रोल गाडीत कूलंट जागच्या जागी आहे पण ब्रेक ऑइल कमी होतंय, तर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधून बूस्टरमार्गे (पेडल हलकं करणारा, इंजिनाच्या ओढीवर चालणारा डबा) ते इंजिन ओढतंय. धूर पांढराच, पण तिथे मामला ब्रेकचा आहे, गाडी लगेच उभी करा.

हेडखालचं गॅस्केटच (हेड आणि इंजिनाच्या मधली सील) गेलं असं ठरलं, तर नुसतं नवं गॅस्केट टाकून भागत नाही. हेडचा खालचा सपाट पृष्ठभाग सरळपट्टी आणि फिलर गेज लावून मोजायचा. छोट्या गाड्यांत बहुधा 0.05 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. वाकलेलं असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग (घासून सपाट करणं), शिवाय तडा तपासायला प्रेशर टेस्ट. ताण खाणारे बोल्ट नवेच घालायचे, मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क पान्याने (मोजून आवळणारा पाना). आणि गाडी मुळात तापली कशाने? फॅन, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप, चोक झालेला रेडिएटर, हे बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. थर्मोस्टॅट काढून टाकून "आता तापणार नाही" सांगणारे मिस्त्री अजून आहेत. त्याने अॅव्हरेज पडतं, रोग आत तसाच राहतो. जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. गळकी फट थोडा वेळ बुजते, पण बारीक नळ्याही बुजतात.

डिझेल गाडी सकाळी पांढरा धूर सोडते, लंगडते आणि मग सुधारते, तर आधी हीटर प्लग (गार इंजिनात सिलिंडर तापवणारे) बघा. तार काढून मल्टिमीटरने मोजा: चांगला प्लग सहसा एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक असतील तर इंजेक्टर, नंतर कंप्रेशन. बीएस-6 डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना मधूनच पांढरट धूर आणि जळका वास येऊ शकतो. त्या वेळी इंजिन बंद करू नका, हायवेला थोडं चालवून पूर्ण होऊ द्या.

दुरुस्तीनंतर बोअरचं पाणी भरू नका, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं अर्धं, सिस्टीममधली हवा काढून. काटा वर चढतोय आणि हीटरमधून गार वारा येतोय, तर हवा राहिली आहे किंवा कूलंट कमी आहे. गार झाल्यावर पुन्हा भरून घ्या. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.